पाठकोरे

धोबीतलावला, कोर्टासमोरच्या जिन्याखाली माझं दुकान.
मशीन एक, स्टूल एक,
आणि भिंतीला टेकवलेला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा.
तो विकायचा नाही.

टोनर संपला असं मशीन सांगतं
तेव्हा ते खरं बोलत नसतं.
काडतूस बाहेर काढायचं, आडवं धरायचं,
सुपात तांदूळ पाखडावेत तसं
हलवायचं, डावीकडे, उजवीकडे, सहा-सात वेळा.
अजून साठ पानं निघतात.
एकदा एक्क्याऐंशी निघाली होती.
मोजली मी. मी मोजतेच.

लॅमिंग्टन रोडचा मुनाफ येतो एक मंगळवार सोडून,
पावडरची बाटली, छोटा स्क्रूड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश घेऊन.
नव्या काडतुसाचे साडेतीन हजार. मुनाफचे चारशे.
"भाभी, नाक झाका," म्हणतो. स्वतः झाकत नाही.
शिंकला की त्याच्या बाहीवर
एक अख्खं पान छापून येतं.

वकिलांचे ज्युनियर धावत येतात.
त्यांना समास हवा दोन बोटं, ओळीआड ओळ मोकळी,
कागद लांबडा, हिरवट, आणि एकाच बाजूला छपाई.
कोर्टात काटकसर चालत नाही;
माणसाचे अर्धे पैसे त्या कोऱ्या जागेतच जातात.

बाकीच्यांना मी न विचारता सांगते:
ठळक अक्षर कशाला? बारीक घ्या.
आधार मागून-पुढून एकाच पानावर बसतं.
आणि हे बघा, 'आपला विश्वासू'
एकटाच गेलाय दुसऱ्या पानावर.
वरची ओळ जरा आवळा,
त्याला आत घ्या, दोन रुपये वाचतील.

नवरा म्हणायचा, तू माणसंसुद्धा फिकी छापशील.
आता तो पनवेलला असतो.
तिथून काही म्हणत नाही.

शर्वाणी सहावीत. तिची सगळी गणितं
पाठकोऱ्यावर होतात. वह्या फक्त शाळेपुरत्या.
काल रात्री अपूर्णांक सोडवता सोडवता म्हणाली,
"आई, निष्कासन म्हणजे?"
घराबाहेर काढणं.
"प्रतिवादी?"
ज्याला काढायचंय तो.
"आणि उपरोक्त?"
वर ज्याचं नाव आलंय तो.
तिनं कागद उलटला, वर बोट नेलं.
"धाकू सोनू कासले, वय चौऱ्याहत्तर,
खोली नंबर नऊ."

सकाळीच आले होते. पांढरी टोपी, पिशवीत औषधांचा डबा,
पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, वरून सेफ्टी पिन.
"बारा पानं आहेत बाई, स्वस्तात बसवा."
मी बसवली. मला येतं ते.
छपाई फिक्कीवर ठेवली, पानामागे रुपया कमी लावला.
पाचवं पान अडकलं, चुरगळलं,
ते गठ्ठ्यात टाकलं, दुसरं काढलं.
त्यांनी एक पान दाराशी नेऊन उजेडात धरलं,
डोळे बारीक केले,
"दिसतंय की," म्हणाले,
मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

आता ते पाचवं पान माझ्या हातात.
मी ट्यूबलाइटकडे धरलं.
'सदर जागेत मी जन्मापासून राहत आहे'
या ओळीतून आरपार दिसत होतं
तीन चतुर्थांश वजा एक द्वितीयांश.
पोरीची पेन्सिल
म्हाताऱ्याच्या जबाबापेक्षा काळी होती.

"आई, माझं उत्तर बरोबर आहे?"
हो म्हटलं. तपासलं नाही.

आज साडेआठलाच शटर वर केलं.
त्यांची फाइल मशीनमध्ये होतीच.
मुनाफनं परवा भरलेलं काडतूस लावलं, न हलवता,
आणि काळेपणाची पट्टी नेली
पार टोकाला, जिथं ती मी कधीच नेली नव्हती.

अकराची तारीख आहे म्हणाले होते.
दहा चाळीस झालेत.
दोनदा बाहेर जाऊन फाटकापाशी टोप्या बघून आले.
बारा पानं काउंटरवर पालथी पडलीयेत,
अजून कोमट,
पाठकोरी.